अ‍ॅप चालवायचं तर वापरणारीचं ऐका
ताईंनो, नवीन अ‍ॅप चालणार की नाही, हे शेवटी वापरणारीच ठरवते. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं. त्यात मराठी नव्हती, सरकारी मोबाइल सारखे अडकायचे. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी ते मोबाइल परत केले, मराठीची मागणी लावून धरली. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली.

आपल्या गटाची बचत, कर्ज आता लोकोस अ‍ॅपवर जातं. नोंद झाली की आकडा बैठकीत मोठ्याने वाचून घ्या, पासबुकाशी ताडून बघा. आकडा चुकला, रेंज गेली, शब्द कळला नाही, तर नुसत्या गजालीत सोडू नका. तारखेसह वहीत लिहा, सीआरपी ताईंना दाखवा, ग्रामसंघात मांडा. चुकीची नोंद तशीच राहिली तर हिशोब आपलाच बिघडेल.