सावळा देव आणि सावळी लेक

सज्जनहो, आजच्या पाठाचा आरंभ एका चुकीपासून करावयाचा आहे, आणि ती चूक माझीच आहे.

फर्दापूर येथे सप्ताहात कीर्तनसेवा होती. रात्र बरीच झाली होती, मंडळी पेंगुळली होती. त्यांना जागे करावे म्हणून काळ्या, जाड्या बायकोचा तो नेहमीचा विनोद मी सांगितला. मांडव हसला, टाळकरीही हसले. कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी माय जवळ आली आणि म्हणाली, "महाराज, माझी नात मधातूनच उठून गेली. दोन स्थळांनी रंगावरून नाही म्हटलंय तिला. एकच वेळ जेवते, अन् तोंडाला कसलंसं मलम फासते. आज तुम्ही बी हसलात." पाठशाळेत तर्कसंग्रह मुखोद्गत केलेला मी, पण त्या माउलीपुढे एकही हेतू उभा राहीना.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मुलीने पाणी दिले, नमस्कार केला. मी समजूत घालू लागलो की बाळ, आपला पांडुरंगच सावळा आहे. ती शांतपणे म्हणाली, "देव काळा चालतो महाराज, सून चालत नाही."

श्रोतेहो, या वाक्याला उत्तर काय? आपण रात्रभर सावळ्या रूपाचे गुणगान गावे, डोळ्यांतून अश्रू काढावेत, आणि पहाटे तुळशीची माळ न उतरवता फोनवर विचारावे, "मुलगी गोरी आहे ना?" देवाचा रंग आपण भक्तीत धरला, व्यवहारात धरला नाही. ती मुलगी खोटे बोलली नाही.

यावर कोणी विरक्त म्हणेल, देह नाशवंत आहे, रूपाची चर्चाच कशाला? ठीक. पण आमच्या ग्रंथांत देहाची निंदा आहे, स्त्रीदेहाची तर विशेष आहे. आसक्त पुरुषाला आवर घालण्यासाठी ती आहे, असे आम्ही शिकलो आणि तसेच सांगत आलो. मांडवात मात्र अर्ध्याहून अधिक माताभगिनी बसलेल्या असतात. औषध एकाच्या रोगाचे, आणि कडू तोंड दुसरीचे! अश्वघोषाच्या सौंदरनंद काव्यात पाहा. नंदाचे मन पत्नीपासून सुटावे म्हणून बुद्ध त्याला एक कानी वानरी दाखवितात, मग स्वर्गातील अप्सरा दाखवितात. नंद म्हणतो, सुंदरीपुढे जशी वानरी, तशी अप्सरांपुढे माझी सुंदरी. नंदाला पुढे ज्ञान झाले, ते थोरच आहे. पण ज्या स्त्रीच्या रूपाचे मोजमाप झाले ती तेथे नव्हती, तिला कोणी विचारलेही नव्हते. आज स्थळ पाहायला आलेली मंडळी निदान समोर तरी बसतात, एवढाच फरक.

ही सुंदरी फर्दापुराशेजारीच आहे. गावच्या तिठ्यावरून बस मिळते, चारेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी. सोळाव्या लेण्यात मान टाकलेली एक राजस्त्री रंगविली आहे. नंदाच्या प्रव्रज्येची वार्ता ऐकून कोसळलेली ती सुंदरीच, असे अभ्यासक मानतात. आजी, नात आणि मी असे तिघे गेलो. मुलगी गावचीच, पण शाळेच्या सहलीनंतर आत आली नव्हती. पहिल्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्राजवळ एक कृष्णवर्ण राजकन्या आहे. मुकुट, अलंकार, झुकलेली दृष्टी. चितारणाऱ्याने तिला कोपऱ्यात लपविलेले नाही. सतराव्या लेण्यात एक राणी दासींच्या मध्ये उभी राहून आरसा पाहते आहे. पाचव्या शतकातील या स्त्रिया अंगाने भरलेल्या आहेत. आजच्या जाहिरातवाल्यांनी त्यांना दारातूनच परत पाठविले असते. मुलगी त्या राजकन्येपुढे बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही, मीही विचारले नाही. सुंदरतेचे माप काळाकाळाने बदलते, एवढे तेथे न सांगता दिसते.

आता कुब्जेची कथा घ्या. आम्ही कीर्तनकार ती नेहमी अशी सांगतो की कृष्णाने तिला सरळ केले आणि ती सुंदर झाली. दहाव्या स्कंधाचा बेचाळिसावा अध्याय मी पुन्हा काढून वाचला. तेथे क्रम वेगळा आहे. ती पाठीत वाकलेली असतानाच भागवतकार तिला सुमुखी म्हणतात, आणि भगवंत तिला सुंदर स्त्रीला करावे तसे संबोधन करून गंध मागतात. ती आपल्या हाताने गंध देते. पाठ सरळ होते ती त्यानंतर. इतकी वर्षे सांगूनही हा क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता.

मुलीला मी "तू सुंदर आहेस" असे म्हटले नाही. तिचा विश्वास बसला नसता, आणि पुन्हा निवाडा माझ्याच हाती राहिला असता. गीतेच्या सहाव्या अध्यायात आपणच आपले मित्र आणि आपणच आपले वैरी असे सांगितले आहे, तेवढे सांगितले. मित्र उपाशी ठेवीत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. त्यात हा उपास कोणत्या एकादशीचा? आणि त्या मलमाविषयी मी स्पष्ट बोललो. गोरे करणाऱ्या काही मलमांत पारा असतो. कातडीत रंग तयार होण्याची क्रिया तो रोखतो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण तोच पारा अंगात मुरून मूत्रपिंड बिघडवितो. अकोल्याच्या एकाच घरातील तिघींना असा त्रास झाल्याचे 2023 मध्ये छापून आले होते. डबीवर घटक आणि बनविणाऱ्याचा पत्ता नसेल तर ती फेकावी. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध मलमाने 2020 मध्ये आपल्या नावातला 'फेअर' शब्द काढला. नाव बदलले, घरोघरचा प्रश्न अजून तोच आहे.

आजीलाही दोन शब्द सांगितले. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील" हे तिचेच रोजचे बोलणे होते. ती म्हणाली, "आमाला आमच्या सासूनं तेच शिकवलं, बुवा." मी म्हटले, मला माझ्या गुरुबंधूंनी तो विनोद शिकवला, आपण दोघेही एकाच शाळेतले.

लग्न जमले की नाही हे मी विचारलेले नाही. पुढच्या वर्षी सप्ताहाला गेलो तेव्हा पंगतीत ती वाढत होती, आणि वाढून झाल्यावर बायकांच्या पंगतीत बसून पोटभर जेवली, एवढे पाहिले. तो विनोद मी सोडला. त्या ठिकाणी आता कुब्जेचा तो क्रम सांगतो. मांडव हसत नाही, अशी एका विणेकऱ्याची तक्रार आहे.