दिलेला शब्द आणि कामगाराचे मन

मनुष्य नोकरीवर रुजू होतो तेव्हा त्याच्या हाती नेमणूकपत्र पडते. परंतु त्या कागदावर नसलेल्या कितीतरी गोष्टी तो मनाशी धरून असतो. "सहा महिन्यांनी कायम करू", "पुढच्या वर्षी पगार वाढवू" असे साहेब बोललेले असतात. या अलिखित समजुतीस 'मानसिक करार' असे म्हणतात. क्रिस आर्गिरिस यांनी १९६० साली ही कल्पना मांडली आणि डेनिस रूसो यांनी १९८९ पासून तिला शास्त्रीय रूप दिले.

येथे एक भेद आपण ध्यानात घेतला पाहिजे. अपेक्षा पुरी झाली नाही तर निराशा येते. परंतु दिलेला शब्द मोडला तर विश्वास जातो. कमी पगार माणूस सोसतो, फसवणूक सोसत नाही. रॉबिन्सन व रूसो यांनी १९९४ साली अमेरिकेतील व्यवस्थापन पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मालकाने शब्द पाळला नाही असे सांगितले. उच्चशिक्षितांची ही गत, तर फाटकावर उभ्या असलेल्या रोजंदाराची काय असेल?

शब्द मोडल्यावर कामगारापुढे चार वाटा असतात. (१) नोकरी सोडणे. (२) तोंड उघडून दाद मागणे. (३) निमूटपणे वाट पाहणे. (४) काम रेटणे, म्हणजे हजेरी लागते पण मन लागत नाही. ज्याला दुसरी नोकरी नाही आणि ज्याचे ऐकणारा कोणी नाही, तो बहुधा शेवटच्या दोन वाटांनी जातो. मग लोक त्यालाच 'कामचुकार' म्हणतात. मूळ कारण कोणी पाहत नाही.

मुंबईच्या गिरणगावातील बदली कामगार हे याचे ठळक उदाहरण होय. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला काम मिळे. कायम होण्याच्या आशेवर अनेकांची वर्षे गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यात वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने कामगारास वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्याने ठरविले होते. तरीही कायदा व वास्तव यांत अंतर राहिले.

प्रत्येक वेळी मालकाची नियत वाईट असते असे नाही. कधी धंदा बसतो, कधी बोलणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा अर्थ वेगळा असतो. अशा वेळी खरे कारण वेळेवर सांगितले तर राग पुष्कळ निवळतो. मौन मात्र जखम चिघळवते.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या नोकरीस लागाल तेव्हा आश्वासन लेखी मागा, पगाराच्या पावत्या जपा, एकटे न राहता संघटित व्हा. आणि आपल्यापैकी जे आज अधिकारपदावर आहेत, त्यांच्या हाताखालीही कोणीतरी शब्दाची वाट पाहत उभा आहे. जे देता येणार नाही ते कबूल करू नये, एवढे तरी आपण पाळू या.