उत्तर बरोबर, तरी प्रोग्राम चुकीचा : मेमरी लीक वर्गात कशी शिकवावी?



बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या मुलांचं प्रॅक्टिकल कसं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. मुलगा सी प्लस प्लसमध्ये प्रोग्राम लिहितो, एकदा रन करतो, स्क्रीनवर उत्तर येतं, ते जर्नलमध्ये उतरवतो आणि आपण सही करतो. या पद्धतीत एक चूक कधीच पकडली जात नाही. ती चूक असताना उत्तर बरोबर येतं, कंपायलर एरर देत नाही आणि प्रोग्राम संपल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी परत घेऊन मागमूसही ठेवत नाही. या चुकीचं नाव मेमरी लीक.

जुळे सोलापुरातली आपली मुलं पुढे पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला जातात. तिथले प्रोग्राम एकदा रन होऊन थांबत नाहीत, महिनोन्‌महिने चालू राहतात. म्हणून ही चूक समजणं आणि शोधता येणं, दोन्ही इथेच शिकवायला हवं.

ही चूक किती महागात पडते?

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने गाड्या पाठवण्याचं काम नव्या संगणक प्रणालीवर नेलं. पहिल्या दोन दिवसांतच मोठा गोंधळ उडाला. त्याची कारणं अनेक होती. मग निम्मं काम संगणकावर आणि निम्मं हाताने सुरू झालं. ४ नोव्हेंबरला रात्री दोननंतर मात्र प्रणाली मंदावत गेली आणि पूर्ण थांबली. कर्मचाऱ्यांना कागद आणि फोनवर परत यावं लागलं.

चौकशीत कारण सापडलं. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी काम करताना एका प्रोग्रामरकडून कोडचा एक छोटा तुकडा तसाच राहून गेला होता. प्रत्येक वेळी गाडी पाठवली की सर्व्हरची थोडीशी मेमरी घेतली जायची आणि परत केली जात नव्हती. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, इथे थेंबे थेंबे तळं रिकामं झालं.

मुलांना साधा हिशेब घालायला द्या. एका विनंतीमागे १ केबी मेमरी अडकते आणि सेकंदाला १० विनंत्या येतात. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे विनंत्या ८,६४,०००. १००० केबीचा एक एमबी धरला तर दिवसाला ८६४ एमबी गेले. ४ जीबी मोकळी मेमरी असलेला सर्व्हर पाचव्या दिवशी आडवा होणार. पहिल्या दिवशी तपासणाऱ्याला काहीच दिसणार नाही.

चप्पल स्टँडचं उदाहरण

गड्ड्याच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या दर्शनाला जाताना आपण चप्पल स्टँडवर चपला ठेवतो. स्टँडवाला एक खण देतो आणि हातात बिल्ला देतो. परत आल्यावर बिल्ला दिला की चपला मिळतात आणि खण मोकळा होतो.

आता हेच प्रोग्रामच्या भाषेत मांडा. स्टँड म्हणजे हीप मेमरी. खण आणि त्यातल्या चपला म्हणजे ऑब्जेक्ट. बिल्ला म्हणजे पॉइंटर. ‘न्यू’ लिहिलं की खण मिळतो, ‘डिलीट’ लिहिलं की खण सुटतो.

तीन प्रकारची गडबड होऊ शकते :

१. बिल्ला हरवला. खण भरलेला आहे, पण तो मागायला कुणी येणार नाही. ही मेमरी लीक.

२. चपला परत घेतल्या, पण बिल्ल्याचा नंबर लक्षात ठेवून पुन्हा त्याच खणात हात घातला. आता तिथे दुसऱ्याच्या चपला असतील. मोकळ्या झालेल्या मेमरीला पॉइंटर धरून बसला की असं होतं.

३. एकाच खणाचे दोन बिल्ले, आणि दोघांनीही खण मोकळा करायला सांगितला. एकच ऑब्जेक्ट दोनदा डिलीट करणं ते हेच.

दुसरी आणि तिसरी गडबड बऱ्याचदा प्रोग्राम बंद पाडते, म्हणून ती लवकर कळते. पहिली मात्र गुपचूप वाढत राहते.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. फंक्शनच्या आत ‘न्यू’ न वापरता केलेला साधा ऑब्जेक्ट कंस बंद झाला की आपोआप नष्ट होतो. परत करायची जबाबदारी ‘न्यू’ लिहिणाऱ्यावर येते.

वर्गात करून बघण्याचा प्रयोग

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास करायला सांगा. त्यात एक स्टॅटिक काउंटर ठेवा, सुरुवातीला शून्य. कन्स्ट्रक्टरमध्ये तो एकाने वाढवा, डिस्ट्रक्टरमध्ये एकाने कमी करा.

आता लूप १००० वेळा फिरवा. प्रत्येक वेळी ‘न्यू’ने नवा विद्यार्थी तयार करून एकाच पॉइंटरमध्ये ठेवा. लूप संपल्यावर एकदाच डिलीट करा आणि काउंटर छापा. उत्तर येईल ९९९.

इथे थांबून विचारा, १००० का नाही? आणि शून्य का नाही? मुलं बोलू लागतील. पॉइंटर एकच होता, दर फेरीला त्यावर नवा पत्ता लिहिला गेला आणि आधीचा पुसला गेला. ९९९ बिल्ले हरवले, शेवटचा तेवढा हातात राहिला. मग डिलीट लूपच्या आत घ्यायला सांगा. काउंटर शून्य येईल.

एक पथ्य आहे. ऑब्जेक्टची कॉपी होते तेव्हा नेहमीचा कन्स्ट्रक्टर न चालता कॉपी कन्स्ट्रक्टर चालतो. तिथेही काउंटर वाढवला नाही तर आकडा उणे येतो आणि मुलं गोंधळतात.

जावा आणि पायथनमध्ये ही भानगड नाही ना?

हा प्रश्न हमखास येतो. या भाषांत गार्बेज कलेक्टर असतो. ही कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी ती १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी आणली. आपल्या उदाहरणात सांगायचं तर एक माणूस अधूनमधून फिरतो आणि ज्या खणाचा बिल्ला कुणाकडेच नाही तो खण मोकळा करतो. म्हणजे हरवलेल्या बिल्ल्याचा प्रश्न सुटला.

पण बिल्ला खिशात आहे आणि माणूस तो विसरून गेला, तर? फिरणारा माणूस तो खण मोकळा करू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तो वापरात आहे. प्रोग्राम चालू असेपर्यंत टिकणाऱ्या यादीत ऑब्जेक्ट टाकत राहिलो आणि काढले नाहीत, तर जावातही मेमरी भरते. मर्यादा न घातलेला कॅशे आणि स्क्रीन बंद झाल्यावरही नोंदवून ठेवलेले लिसनर ही त्याची नेहमीची ठिकाणं. सी प्लस प्लसमध्ये विचारायचं, ‘परत कुणी करायचं होतं?’ जावा-पायथनमध्ये विचारायचं, ‘अजून कोण धरून बसलंय?’

शोधायचं कसं?

मुलं अंदाजाने कोडमध्ये बदल करत सुटतात. त्यांना क्रम लावून द्या.

पहिलं, खरंच गळती आहे का ते बघा. एकच क्रिया १००० वेळा करा, मेमरी मोजा. मग २०००, मग ३०००. सुरुवातीला मेमरी वाढून नंतर स्थिर झाली तर ती बहुधा गळती नाही, प्रोग्रामने लागणारं सामान मांडून घेतलं एवढंच. दर हजारामागे सारखीच वाढत गेली तर संशय पक्का.

दुसरं, काय वाढतंय ते बघा. कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट वाढतात? आपला काउंटर इथे कामाला येतो. पायथनमध्ये ३.४ आवृत्तीपासून ट्रेसमॅलॉक सोबतच मिळतं. आधीची आणि नंतरची नोंद घेऊन फरक बघता येतो. जावात हीप डंप काढतात. लिनक्सवर सी प्लस प्लससाठी व्हॅलग्राइंड आहे, ते अडकलेली मेमरी कोणत्या ओळीवर घेतली होती ते दाखवतं.

तिसरं, परतीची वाट कुठे तुटली ते शोधा. मेमरी घेतली ती ओळ बहुतेक वेळा बरोबरच असते. डिलीटच्या आधीच एखादं ‘रिटर्न’ आहे का? मध्येच एक्सेप्शन येतो का? बेस क्लासच्या पॉइंटरमधून डिलीट केलं, पण बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नाही, असं आहे का?

चौथं, दुरुस्ती केल्यावर पहिली मोजणी पुन्हा करा. आलेख सपाट झाला तरच चूक सुटली.

आणि कायमचा उपाय म्हणजे परत करण्याचं काम माणसाच्या आठवणीवर सोडायचं नाही. सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या मानकापासून युनिक पॉइंटरसारखे स्मार्ट पॉइंटर आले. त्यांचा कंस संपला की ते ऑब्जेक्ट स्वतःच परत करतात, मध्ये रिटर्न असो की एक्सेप्शन.

शिक्षकांना आणि पालकांना

शिक्षकांनो, जर्नलवर सही करताना ‘आउटपुट आलं का?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारू या : ‘हाच प्रोग्राम हजार वेळा चालवला तर?’ त्यासाठी वेगळा तास लागत नाही, पाच मिनिटं पुरतात.

पालकहो, तुम्हाला प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. मुलाला विचारा, ‘तू यात घेतलेलं सगळं परत केलंस का, आणि ते तुला कसं कळलं?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वाटतं’ असं आलं तर म्हणावं, मोजून दाखव. काउंटर शून्य दाखवू दे, मग जेवायला बसा!