सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा : यजमानपदाचे काही धडे

दिनांक ११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वर आणि मडगावनजीकचे फातोर्डा या दोन ठिकाणी एकाच दिवशी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेस प्रारंभ झाला. त्याच महिन्याच्या ३० तारखेस नवी मुंबई येथे अंतिम सामना होऊन स्पेनच्या मुलींनी चषक जिंकला. वीस दिवसांच्या या स्पर्धेत सोळा राष्ट्रांचे संघ उतरले आणि बत्तीस सामने खेळले गेले. महिला फुटबॉलची जागतिक स्पर्धा भारतात भरण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. सोहळा यथासांग पार पडला. तथापि अशा स्पर्धेचे यजमानपद भूषविल्याने देशातील मुलींच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न सोहळ्यानंतरही उरतोच. मुलींच्या शिक्षणाशी व खेळाशी ज्यांचा संबंध येतो, त्या शिक्षकांनी, ग्रामपंचायतींनी आणि पालकांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

एकदाच येणारी संधी

प्रौढ महिलांच्या विश्वचषकात एखादी खेळाडू चार-पाच वेळा उतरू शकते. सतरा वर्षांखालील स्पर्धेची गोष्ट वेगळी आहे. २०२२ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळात जन्मलेल्या मुलीच पात्र होत्या. स्पर्धा त्या वेळी दर दोन वर्षांनी भरत असल्यामुळे बहुतेक मुलींना आयुष्यात ही संधी एकदाच मिळे.

या नियमाचा चटका भारतातील एका संपूर्ण तुकडीला बसला. वस्तुतः भारतास हे यजमानपद २०२० सालासाठी मिळाले होते. अहमदाबाद, भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता आणि नवी मुंबई ही पाच केंद्रे ठरली होती आणि २००३ व २००४ साली जन्मलेल्या मुलींसह संघाची तयारी चालू होती. कोविडच्या साथीमुळे स्पर्धा प्रथम २०२१ च्या फेब्रुवारीत ढकलण्यात आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच झाली. भारतास त्याऐवजी २०२२ चे यजमानपद देण्यात आले. देशाची संधी अशा रीतीने राखली गेली. परंतु २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या त्या मुलींची संधी कायमची गेली. त्यांच्या हातून कोणतीही चूक घडली नव्हती, केवळ त्यांचे वय वाढले होते.

दुसऱ्या तुकडीवरही तीच वेळ येऊ घातली होती. राष्ट्रीय महासंघाच्या कारभारात त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप होत असल्याचे कारण देऊन ऑगस्ट २०२२ च्या मध्यास जागतिक संघटना 'फिफा'ने भारतीय महासंघास निलंबित केले आणि स्पर्धा ठरल्याप्रमाणे भारतात होऊ शकणार नाही, असे जाहीर केले. दिनांक २६ ऑगस्ट रोजी निलंबन मागे घेण्यात आले, तेव्हा उद्घाटनास अवघे ४६ दिवस उरले होते. वडीलधाऱ्यांच्या कारभारातील दिरंगाईची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

स्पर्धेची रचना

सोळा संघांचे चार गट पाडण्यात आले. प्रत्येक संघास गटात तीन सामने मिळाले आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ बाद फेरीत गेले. सामना पूर्ण नव्वद मिनिटांचा होता. बाद फेरीत बरोबरी झाल्यास जादा वेळ न देता थेट पेनल्टी फटक्यांवर निकाल लावण्यात आला. यजमान या नात्याने भारतास प्रवेश आपोआप मिळाला. इतर बहुतेक संघांना आपापल्या खंडातून पात्र ठरून यावे लागले. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

फातोर्ड्याचा वाटा

२०२० च्या पाच केंद्रांत गोव्याचे नाव नव्हते. २०२२ साली केंद्रे तीनच ठेवण्यात आली आणि त्यांत फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमचा समावेश झाला. मुलग्यांच्या २०१७ च्या विश्वचषकाचे सामने येथे पूर्वी झालेच होते. या वेळी गटांतील अनेक सामन्यांबरोबर दोन उपउपांत्य आणि दोन्ही उपांत्य सामने पाहण्याचा मान गोमंतकीय प्रेक्षकांस लाभला.

या सामन्यांचा दर्जा उच्च होता. उपउपांत्य सामन्यात जपानचा संघ स्पेनविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांपर्यंत एका गोलने पुढे होता. त्यानंतर व्हिकी लोपेझ हिने लागोपाठ दोन गोल करून सामना फिरविला. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही पुढे तिलाच मिळाला. दिनांक २६ ऑक्टोबर रोजी कोलंबिया आणि नायजेरिया यांचा उपांत्य सामना गोलाविना बरोबरीत सुटला आणि कोलंबियाने तो पेनल्टी फटक्यांवर ६-५ असा जिंकला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात स्पेनने जर्मनीस १-० असे हरविले. नवी मुंबईच्या अंतिम सामन्यातही १-० हाच निकाल राहिला. सामना संपण्यास थोडा अवधी असताना कोलंबियाकडून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला चेंडू निर्णायक ठरला.

तीन सामने, सोळा गोल

भारताचे तिन्ही सामने भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाले. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा पराभव पत्करावा लागला. सोळा गोल झाले आणि आपल्या संघास एकही गोल करता आला नाही.

या आकड्यांवरून मुलींना दोष देणे अन्यायाचे होईल. स्वीडनचे अनुभवी प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी परिश्रम घेतले होते. कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडमधील गुमला जिल्ह्यातील खेड्यातून, मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबातून आलेली. अशा घरातील मुलीने राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणे ही स्वतंत्रपणे मोठी गोष्ट आहे. उणीव होती ती त्यापूर्वीच्या वर्षांची. शिबिरात काही महिने कसून सराव केल्याने दमसास वाढतो आणि शिस्त येते. परंतु चेंडू येण्याआधीच तो कोठे द्यावयाचा हे ओळखण्याची जी दृष्टी लागते, ती आठव्या-दहाव्या वर्षापासून शेकडो सामने खेळूनच येते.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्या देशात १९७२ साली शिक्षणविषयक कायद्यात नववे प्रकरण म्हणून ओळखली जाणारी तरतूद करण्यात आली. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेस मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही, एवढाच तिचा आशय. तीत फुटबॉलचा उल्लेखही नव्हता. तरीही शाळा-महाविद्यालयांना मुलींसाठी संघ, मैदाने आणि प्रशिक्षक यांची सोय करावी लागली, आणि पुढील दोन पिढ्यांत महिला फुटबॉलमध्ये तो देश अग्रेसर झाला. भुवनेश्वरच्या मैदानावर भारतीय मुलींसमोर त्या दिवशी अकरा खेळाडू होत्या आणि त्यांच्या पाठीशी पन्नास वर्षांची व्यवस्था उभी होती.

आपली परंपरा नवी आहे, अशीही सबब सांगता येत नाही. जानेवारी १९८० मध्ये कालिकत येथे आणि १९८३ साली बँकॉक येथे झालेल्या आशियाई महिला स्पर्धांत भारताने उपविजेतेपद मिळविले होते. गोव्याच्या योलांडा डिसोझा या त्याच पिढीतील खेळाडू. ही परंपरा पुढे अखंड चालू राहिली नाही. एका पिढीने मिळविलेले यश दुसऱ्या पिढीच्या हाती देणारी साखळी मध्येच तुटली, आणि इतर राष्ट्रे पुढे निघून गेली.

टांझानिया आणि मोरोक्को

साधनसंपत्ती नसेल तर प्रगती अशक्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. टांझानियाचा कोणताही फुटबॉल संघ, पुरुषांचा असो वा महिलांचा, २०२२ पूर्वी 'फिफा'च्या विश्वचषकात पोहोचला नव्हता. त्या देशाच्या मुली आफ्रिका खंडातून पात्र ठरून आल्या. पहिल्या सामन्यात जपानने त्यांना ०-४ असे नमविले. त्यानंतर त्यांनी फ्रान्सला २-१ असे हरविले, कॅनडाशी १-१ अशी बरोबरी केली आणि उपउपांत्य फेरी गाठली. पहिल्या पराभवाने खचून न जाता पुढचे सामने खेळता आले, कारण पात्रतेच्या सामन्यांतून त्यांना जय-पराजय पचविण्याची सवय झाली होती. यजमान संघास आपोआप प्रवेश मिळतो, त्याबरोबर ही सवय मात्र मिळत नाही.

मोरोक्कोचीही ही पहिलीच स्पर्धा होती. भारतावर विजय मिळवूनही त्यांना गटातून पुढे जाता आले नाही. परंतु पुढील वर्षी, २०२३ साली, त्याच देशाचा प्रौढ महिला संघ पहिल्या प्रयत्नातच विश्वचषकाच्या अंतिम सोळांत पोहोचला. २०२५ पासून सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा दरवर्षी आणि चोवीस संघांची करण्यात आली, तेव्हा २०२९ पर्यंतच्या पाचही स्पर्धांचे यजमानपद मोरोक्कोकडे गेले.

कुमारवयातील पराभव हा शेवट नसतो, हेही ध्यानात घ्यावे. २०१४ साली कोस्टा रिका येथे स्पेनच्या मुली अंतिम सामन्यात जपानकडून ०-२ अशा हरल्या. त्या संघातील ऐताना बोनमाती २०२३ साली प्रौढ विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती आणि त्या स्पर्धेची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. हरलेल्या संघातील मुलींना पुढील नऊ वर्षे खेळावयास मैदान, सामने आणि प्रशिक्षक मिळत राहिले, हे या यशाचे मर्म होय.

स्पर्धेनंतर

भारतापुरते बोलावयाचे तर चित्र निराशाजनक नाही. जुलै २०२५ मध्ये भारताच्या प्रौढ महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळविले. पाठोपाठ वीस वर्षांखालील संघही आपल्या गटातील आशियाई स्पर्धेस पात्र ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केक येथे सतरा वर्षांखालील मुलींनी एका गोलच्या पिछाडीवरून उझबेकिस्तानला २-१ असे नमविले आणि सतरा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. या तिन्ही जागा सामने जिंकून मिळविलेल्या आहेत. २०२२ साली दाराशी आलेली स्पर्धा आणि २०२५ साली परक्या मैदानावर मिळविलेली पात्रता यांत दुसरीचे मोल अधिक आहे.

गोव्यात फुटबॉलची आवड नव्याने निर्माण करावी लागत नाही. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात संध्याकाळी चेंडू उसळू लागतो, हे येथील नित्याचे दृश्य आहे. २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान्यताही मिळाली. परंतु त्या शेतात खेळणाऱ्यांत मुली किती, हे प्रत्येक गावाने आपल्यापुरते मोजून पाहावे. सासष्टीत काय किंवा पेडण्यात काय, मुलींना मैदानापासून दूर ठेवणारी कारणे सहसा लहान असतात. मैदानाजवळ कपडे बदलावयास आडोसा नसतो. सरावानंतर घरी परतण्यास वेळेवर बस नसते. शिकविण्यास एखादी स्त्री प्रशिक्षक नसते. दहावीचे वर्ष आले की खेळ थांबवावा, असे घरी ठरते. यांपैकी एकाही अडचणीस विश्वचषकाच्या स्टेडियमइतका खर्च येत नाही. मैदान आठवड्यातून ठरावीक दिवशी मुलींसाठी राखून ठेवणे पंचायतीच्या हाती आहे, शाळेचा मुलींचा संघ उभा करून त्याला वर्षभर सामने मिळवून देणे शिक्षकाच्या हाती आहे, आणि परीक्षेच्या वर्षातही खेळ चालू ठेवू देणे पालकाच्या हाती आहे.

फातोर्ड्याच्या मैदानावर ऑक्टोबर २०२२ मध्ये जगातील उत्तम कुमारी खेळाडू खेळून गेल्या. त्या वर्षी गोव्यात जी मुलगी दहा वर्षांची होती, तिची सतरा वर्षे २०२९ साली पूर्ण होतील. तोवरचा प्रत्येक हंगाम तिला एकदाच मिळणार आहे. २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुलींच्या वाट्याला जे आले, ते साथीमुळे आले आणि कोणाच्याही हाती नव्हते. या मुलीचे हंगाम वाया जाऊ न देणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.