थकलेल्या हाताची साक्ष

अंबरनाथ (पूर्व),
वैशाख शुद्ध सप्तमी.

चि. मधुरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर धाडलेला मजकूर आणि त्याला जोडलेल्या तीन रॅकेटींच्या तसबिरी पोहोचल्या. उत्तर मी कागदावर देतो आहे, कारण विषय दोन ओळींत उरकण्याजोगा नाही, आणि दुकानात उभी असताना हा कागद तुझ्या पिशवीत असावा अशीही माझी इच्छा आहे. तिन्हींपैकी कोणती घेऊ, एवढेच तू विचारले आहेस. परंतु ज्या दोन बाबी तू जाता जाता नमूद केल्यास, म्हणजे सध्या दादाची जुनी रॅकेट वापरतेस ही एक, आणि दुसऱ्या सेटमध्ये कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येते ही दुसरी, त्याच माझ्या लेखी मुख्य होत, आणि उत्तराचा आरंभ तेथूनच केला पाहिजे.

दादाची रॅकेट निकृष्ट आहे असे मुळीच नाही. गेल्या दिवाळीत बदलापूरला आलो असता ती मी तुमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहिली होती, आणि तारा व मुठीवरची पट्टी धरून ती ३३८ ग्रॅम भरली. (वाण्याने तिचा किलोचा भाव विचारला होता, हे तुला आठवत असेल.) हेड ९८ चौरस इंच, तारा उभ्या १८ व आडव्या २०, मूठ साडेचार इंच घेराची, आणि गटिंग आरपार पॉलिएस्टरचे. ज्याचे खांदे भरले आहेत, चेंडूला जो स्वतःच्या जोराने मारतो आणि रॅकेटकडून ज्याला केवळ दिशेची अपेक्षा आहे, अशा वीस वर्षांच्या मुलाने ती आपल्या प्रकृतीस अनुरूप म्हणून निवडली होती. चौदाव्या वर्षी बेसलाइनवरून दोन हातांचा बॅकहँड मारणाऱ्या मुलीने ती वारसाहक्काने स्वीकारावी, यात काटकसर आहे, विचार नाही. मूठ जाड असली की ती निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात; वजन पेलेनासे झाले की चेंडू येऊन पोहोचतो आणि रॅकेट मागे राहते, मग शरीराने मारायचा फटका एकट्या हाताला मारावा लागतो; आणि पॉलिएस्टरच्या ताठ तारा चेंडूचा धक्का स्वतः न गिळता तो तसाच पुढे कोपराच्या हवाली करतात. या साऱ्याची बेरीज म्हणजे तुझी ती कळ. नव्या रॅकेटीने ही बेरीज घटते की नाही, हे पाहणे प्रथम प्राप्त आहे. महिनाभराच्या विश्रांतीनेही कळ न गेल्यास मात्र रॅकेटीचा विषय दफ्तरी ठेवावा आणि आईला सांगून डॉक्टरांकडे जावे.

तुझ्या यादीत बॅबोलॅटची प्युअर एअरो ९८ का आली, हे मी ओळखले: ती अल्काराझच्या हातात असते. तिचे वजन तारांवाचून ३०५ ग्रॅम, विल्सनच्या ब्लेड ९८ चेही तितकेच, आणि योनेक्सच्या ईझोन १०० एल हिचे २८५. विजेत्याच्या हातातील रॅकेट व दुकानातील रॅकेट यांचा रंग एक असला तरी जात एकच असेल असा भरवसा धरू नकोस. पुष्कळ व्यावसायिक खेळाडू सवयीची जुनीच फ्रेम वर्षानुवर्षे वापरतात, तिच्यावर नव्या मॉडेलचा रंग चढवला जातो, आणि हेडच्या कडेला शिशाच्या पट्ट्या लावून वा मुठीच्या पोकळीत भर घालून वजन हवे तसे मुकरर केले जाते. थोरांपासून शिकायचेच असेल तर त्यांच्या रॅकेटीचे नाव न शिकता ती बदलताना त्यांनी दाखवलेला धीर शिकावा. रॉजर फेडरर कित्येक वर्षे ९० चौरस इंचांच्या लहान हेडने खेळला. २०१३ साली विंबल्डनच्या दुसऱ्याच फेरीत पराभव पदरी आल्यावर त्याने ९८ इंचांची, अंगावर नावनिशाणी नसलेली काळी प्रायोगिक रॅकेट हॅम्बुर्ग आणि ग्श्टाड येथील मातीच्या कोर्टांवर चालवून पाहिली, दोन्ही ठिकाणी हरला, मुकाट्याने जुनीकडे परतला, आणि पुढच्या वर्षी हंगामापूर्वी पुरेसा सराव करून मोठ्या हेडची जी पत्करली ती कायमची. तशाच मोठ्या हेडने, वयाच्या ३५ व्या वर्षी, २०१७ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा त्याने जिंकली. हॅम्बुर्गच्या पराभवानंतर जो हा प्रयोग निकालात काढता, त्याच्या हातून ते घडले नसते.

आता वजन. काट्यावरचे वजन आणि हाताला जाणवणारे वजन या दोन निराळ्या गोष्टी होत, आणि दुकानदार सांगतो ते पहिले. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरव, मग तोच डोक्याशी धरून फिरव. काट्याला एकच असलेले ते वजन मनगटाला दोन्ही वेळा निरनिराळे वाटते. रॅकेटीचे तसेच आहे, आणि ते ताडून पाहण्यास पोलादी फूटपट्टीवाचून कोणतेही यंत्र लागत नाही. प्रौढांची रॅकेट सामान्यतः २७ इंच, म्हणजे ६८.६ सेंटिमीटर लांब असते, निम्मे केले की ३४.३. पट्टी टेबलावर कडेने उभी धरावी, तिच्यावर रॅकेट आडवी ठेवून हलके हलके सरकवत न्यावी, आणि जेथे ती दोन्हीकडे न झुकता क्षणभर थबकते तेथे पेन्सिलीने खूण करून तेथपासून मुठीच्या बुडापर्यंतचे अंतर मोजावे. ३२ भरले तर भार मुठीकडे आहे, ३५ भरले तर हेडकडे. तुझ्या यादीतील हलकी योनेक्स तारांवाचून ३३ च्या जवळपास तोलते, तर विल्सन ३२ च्या. सबब कागदावरचा २० ग्रॅमचा फरक फिरवताना तितका उरत नाही. रॅकेटीवर छापलेले आकडे बहुधा तारांवाचूनचे असतात. तारा चढल्या की १५ ते १८ ग्रॅम वाढतात आणि तोल सेंटिमीटरभर हेडकडे सरकतो, हेही हिशेबात धर. एकाच मॉडेलच्या दोन नगांत काही ग्रॅमांचे अंतर सापडले तर चकित होऊ नकोस; कारखान्याच्या तपासणी खात्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला ठाऊक असते की प्रत्येक नगाला टॉलरन्स असतोच. म्हणून पसंत पडलेल्या मॉडेलचा जो नग घ्यायचा तोच जोखून घ्यावा.

हलकी ती सोयीची, असा समज आपल्याकडे बॅडमिंटनमुळे बळावला आहे. सोसायटीच्या अंगणात तू लहानपणी तेच खेळलीस. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमच्या आत असते आणि तिचा सारा व्यवहार मनगटाचा. टेनिसचा चेंडू ५६ ग्रॅमांहून अधिक वजनाचा, समोरून वेगाने येणारा; त्याच्यापुढे फार हलकी रॅकेट हातात वळते, आणि ती सावरताना मनगटी खेळाची सवय कोपराला महाग पडते. सांगलीचे नंदू नाटेकर आरंभी टेनिस खेळत, राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ साली मलायात सेलंगोरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले. त्यांचे चिरंजीव गौरव मात्र टेनिसमध्येच राहिले आणि १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्णपदक मिळवते झाले. एकाच घरात दोन हातांना दोन हत्यारे रुचली. तुझ्या हाताला काय रुचते हे मी अंबरनाथला बसून सांगू शकत नाही. तारांवाचून २६० ग्रॅमच्या खाली उतरू नकोस आणि तूर्त ३०५ च्या वर जाऊ नकोस, एवढीच मर्यादा घालतो.

गटिंगकडे तुम्ही मुले दुर्लक्ष करता याचे मला नेहमी नवल वाटते. बॅबोलॅट हे घराणे १८७५ पासून जनावरांच्या आतड्यांच्या तारा करीत आले. रॅकेटी त्यांनी काढल्या त्या १९९४ मध्ये, शंभराहून अधिक वर्षांनी. चेंडूला स्पर्श होतो तो तारांचा, आणि त्याच बाबीत लोक दुकानदार जे घालील ते बिनतक्रार घेतात. पॉलिएस्टर हे तारा वारंवार तोडणाऱ्यांचे गटिंग आहे; तू वर्षभरात एकही तार तोडलेली नाहीस, मग ती ताठ तार कशासाठी? शिवाय ती तुटत नसली तरी तिचा ताण लवकर मरतो, आणि मेलेल्या तारांनी खेळत राहणे कोपराला सर्वांत वाईट. बारीक धाग्यांचे मऊ मल्टिफिलामेंट घालावे, ते महाग वाटले तर साधे नायलॉन. ताण ५२ पौंड. चेंडू बाहेर जाऊ लागला तर पुढच्या वेळी दोन पौंड वाढव, आखूड पडू लागला तर दोन कमी कर, परंतु एकदम पाच-सहा पौंडांची उडी घेऊ नकोस. आठवड्यातून जितके दिवस खेळतेस तितक्या वेळा वर्षात गटिंग बदलावे असा खेळाडूंत एक ढोबळ शिरस्ता आहे. तो पाळण्यास हरकत नाही.

आमच्या तरुणपणी निवडीचा प्रश्न थोडक्यात मिटे. हेड सत्तर इंचांच्या आतले, फ्रेम लाकडाची, आणि पावसाळ्यात ती वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून कपाटात ठेवायची. हॉवर्ड हेडची ११० इंचांची प्रिन्स १९७६ साली बाजारात आली तेव्हा जाणती मंडळी तिला हसली होती. आमच्या रॅकेटी जालंधरच्या असत. फाळणीपूर्वी खेळाच्या सामानाचे माहेर सियालकोट. फाळणीनंतर तेथले कितीतरी कारागीर जालंधरला येऊन बसले, आणि त्याच लोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला सिंधमधील कुटुंबे आपल्या शेजारी कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली, जिचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले. तेथे काय बनत नाही, आणि त्यावर 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा उल्हासनगरकर स्वतःच हसत सांगतात. नकली रॅकेटीचे खापर मी त्या कष्टाळू गावावर फोडणार नाही. नकली माल हल्ली घरबसल्या, कोठूनही, खोक्यात येतो. निम्म्या किमतीत नामांकित रॅकेट मिळते आहे असे दिसले की काटा आणि पट्टी काढावी: तारांचा हिशेब धरूनही छापलेल्या वजनाशी दहा-पंधरा ग्रॅमचे आणि तोलाशी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे अंतर पडले तर बाकीची तपासणी अनावश्यक आहे.

एवढे झाल्यावर उरते ती परीक्षा. धोबी तलावाच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत हिंडून पाहा, गटिंग केलेली डेमो रॅकेट काही दिवस वापरायला कोण देतो याची चौकशी कर, आणि एका वेळी दोनच आण. तिसरी आली की मन गोंधळते. दोघींना एकच गटिंग व एकच ताण असला पाहिजे, नाहीतर तू तारांची तुलना करशील आणि निकाल फ्रेमच्या नावावर जाईल. नावांवर कापडी चिकटपट्टी लाव, म्हणजे अल्काराझ साक्षीला उभा राहणार नाही. आणि पहिल्या पंधरा मिनिटांचे काहीही खरे मानू नकोस. त्या वेळी हलकी रॅकेट सपकन फिरते म्हणून आवडते, जड रॅकेट चेंडूला भरीव लागते म्हणून आवडते, आणि नवी म्हणून तर दोन्ही आवडतात. तास-सव्वा तास रॅली, व्हॉली, सर्व्हिस असे सारे झाल्यावर, घामाने मूठ ओली झाली आणि पाय जड झाले, की मग मैत्रिणीला बॅकहँडकडे चेंडू द्यायला सांग आणि तो कोठे पडतो ते पाहा. सर्व्हिस लाइनच्या पलीकडे खोल पडतो आहे काय? की आखूड पडू लागला? सर्व्हिस जाळ्यात जाऊ लागली काय? मारताना रॅकेट हातात वळते काय? दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी काढताना कोपर बोलते काय? हे त्याच दिवशी वहीत लिही. दोन दिवसांनी आठवणीत फक्त चांगले फटके उरतात. असे तीन वेगवेगळ्या दिवशी, रॅकेटींचा क्रम उलटसुलट करून करावे. थकलेल्या हाताची जबानी मी प्रमाण मानतो, कारण सामना दुसऱ्या सेटच्या शेवटी फिरतो आणि तेथे तुझ्यापाशी तोच हात असणार.

माझा कल विचारशील तर, पाहिलेल्या कागदांवरून, १०० इंचांची, १६ व १९ तारांची, २८५ ग्रॅमची ती योनेक्स आघाडीवर आहे, आणि तिच्या जोडीला विल्सन आणावी. प्युअर एअरो दोन वर्षांनी पाहू. पण वहीने उलट कौल दिला तर माझा कल रद्द समजावा. निर्णय मृग लागण्यापूर्वी झाला तर बरे, म्हणजे पावसाळाभर भिंतीवर आणि छपराखाली हात बसेल आणि दसऱ्यानंतर सामने सुरू होतील तेव्हा रॅकेट परकी राहणार नाही.

मुठीचे माप मात्र आजच घे. उजवा तळवा उघडून आडव्या दोन रेषांपैकी खालच्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत पट्टी लाव. माझ्या अदमासाने सव्वाचार इंच भरेल, म्हणजे दुकानातली दोन नंबरची मूठ. दोन मापांच्या मध्ये आले तर लहान घे. वर पट्टी गुंडाळून मूठ वाढवता येते, तासून कमी करता येत नाही. येत्या रविवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर इकडे ये, दादाची रॅकेट व वही दोन्ही आण, आणि लोकलच्या डब्यात रॅकेट दाराकडे न ठेवता वरच्या फळीवर ठेव. काटा मी आणून ठेवला आहे. तुझ्या आईस सांग की आंबे पिकत घातले आहेत, पिशवी मोठी पाठवावी.

तुझा,
मामा