जुनी मोटार घेताना

औंधच्या एका शेतकऱ्याला जुनी नॅनो मोटार स्वस्तात मिळत होती. पण गाडी बदनाम! तो आमच्याकडे आला.

आम्ही म्हणालो, "बाबा, लोक नावे ठेवतात, ते सगळेच खोटे नाही. ही गाडी 2009 साली निघाली. 2010 साली काही गाड्या पेटल्या. 2014 साली धडकेच्या चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. पुढे ती बनणेच बंद झाले. सुटे भाग मिळतात का, विचार. गाडी मिस्त्रीला दाखव. आणि कागद वाच."

त्याने सौदापत्र हळूहळू वाचले. त्यात लिहिले होते, 'गाडीवर कर्ज बाकी असल्यास घेणाऱ्याने फेडावे.' कर्ज खरेच बाकी होते! त्याने सौदा मोडला.

तो म्हणाला, "गुरुजी, पूर्वी आंगठा उठवला असता. वाचता आलं, म्हणून वाचलो!"