पहिल्यांदा लग्नाचे फोटो काढायला जाताना

ताईंनो, आपल्या ओवे गावातल्या एका गटातल्या मुलीला लग्नाच्या फोटोंचं पहिलं काम मिळालंय. तिचा पहिला प्रश्न होता, "कॅमेरा कोणता घेऊ?" कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी नवरीच्या घरी जा आणि तिच्या आईजवळ किंवा आत्याजवळ तासभर बस. कोणता विधी कधी, कुठे, कोण करणार, ते वहीत उतरवून घे. आपल्याकडच्या आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण असेल तर तिलाच विचार. विधींचा क्रम तिला तोंडपाठ असतो. हळद लावताना आतल्या खोलीत बायकांमध्ये बाहेरचा फोटोग्राफर बिचकतो. आपण तिथे सहज बसतो. हे आपलं भांडवलच आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हळदीच्या रात्री नाचाचेच ढीगभर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी मंगळसूत्र बांधताना कार्ड भरलं! जुने फोटो पुसेपर्यंत विधी उरकला. नवरीची आई काही बोलली नाही, पण तो फोटो अल्बममध्ये नाही तो नाहीच. म्हणून सांगते, ६४ जीबीचं एक कार्ड नेण्यापेक्षा ३२ जीबीची दोन न्या. एक फोटो १० एमबीचा धरला तर एका कार्डात ३ हजारांच्या आसपास बसतात. हळदीचं कार्ड वेगळं, लग्नाचं वेगळं. बॅटऱ्याही दोन, आणि आदल्या रात्रीच चार्ज केलेल्या.

कॅमेरा लगेच विकत घेऊ नका. गटाचं कर्ज काढून घेतला आणि पुढे काम मिळालं नाही, तर हप्ता कुठून भरणार? पहिली दोन-तीन लग्नं भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा. तो दोन दिवस आधी आणा आणि संध्याकाळी घरातल्यांवर हात बसवून घ्या. उभ्या माणसाला शटर १/१२५, नाचणाऱ्याला १/२५०. उजेड कमी पडला तर आयएसओ १६०० किंवा ३२०० करा. फोटो थोडा दाणेदार येईल, पण हललेल्या फोटोपेक्षा तो बरा. फ्लॅश वर छताकडे मारायची युक्ती पांढऱ्या छताच्या हॉलमध्ये चालते. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो.

सगळ्यात अवघड क्षण अंतरपाट दूर होतो तो. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की पाहुणे मोबाईल वर करून पुढे सरकतात, अक्षता उडतात, आणि आपण मागे राहिलो की फक्त पाठी दिसतात. म्हणून भटजींना आधीच विचारून बाजूची जागा धरा. तिथून नवरा-नवरी दोघांचे चेहरे मिळतात. जागा एकदा धरली की माळा घालून होईपर्यंत सोडू नका, कोणी हाक मारली तरी.

पैशाचं बोलणं नात्यातल्या लग्नातही कागदावर करा. किती तास, किती फोटो, अल्बम कधी, आगाऊ किती, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. नवरीला विचारल्याशिवाय एकही फोटो स्टेटसला टाकू नका.

घरी आलात की कितीही दमला असाल तरी त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवा. अल्बम घरच्यांच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसू नका.